दादा आहे ना

३ फेब्रुवारी

आजपासून मी आमच्या हॉस्टेलची ‘सुरक्षित रात्र’ प्रतिनिधी. निवडणूक वगैरे काही झाली नाही. रेक्टरबाईंनी विचारलं, कोण करतंय, आणि सगळ्या जणी आपापल्या नखांकडे बघायला लागल्या. मी हात वर केला. घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, "अभ्यास सोडून लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगितलंय तुला?"

संध्याकाळी कॉमन रूममध्ये पहिली सभा घेतली. रात्री बाहेर जायचं तर एकत्र जायचं आणि एकत्र यायचं. हातातला ग्लास टेबलावर ठेवून नाचायला जायचं नाही. एखादीला जास्त झाली तर तिला एकटं सोडायचं नाही. असं सगळं सांगत होते. टाचणी मागच्या भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती. टाचणी म्हणजे माझी रूममेट. अंगानं काटकुळी आणि बोलणं टोचरं, म्हणून पहिल्या वर्षापासून टाचणी. तिनं हात वर केला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "बाई, बाथरूमला पण जोडीनंच जायचं का?" सगळी खोली फिदीफिदी हसली. झोपायच्या आत माझं नाव ‘मास्तरीण’ पडलं होतं.

मी चिडलेच. पण मग दादा बोलायला उभा राहिला आणि सगळ्या गप्प झाल्या. दादा शेवटच्या वर्षाला आहे, मुलांच्या हॉस्टेलचा प्रतिनिधी. त्याला सगळेच दादा म्हणतात, मेसचे आचारीसुद्धा, आणि ते त्याच्या वडिलांच्या वयाचे आहेत. स्वतः दारूला शिवत नाही. त्याच्याकडे गाडी आहे. म्हणाला, "कुठंही अडकलात, कितीही वाजले असले तरी मला फोन करा. दारात आणून सोडीन. प्रश्न विचारणार नाही, घरी कळवणार नाही." टाळ्या पडल्या. भित्तिपत्रकावर त्याचा नंबर मी माझ्या हातानं लिहिला, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत.

९ फेब्रुवारी

‘सुरक्षित रात्र’ समितीच्या बैठकीनंतर दादानं कॉफी पाजली. म्हणाला, "प्रत्येक हॉस्टेलमध्ये तुझ्यासारखी एक मुलगी असती ना, तर मला रात्री शांत झोप लागली असती." हे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं आहे हे मला कळतं. तरी चढले. वरून छान दिसत होतं.

परत येताना जिन्यात कोपऱ्यातली ताई भेटली. ती कोपऱ्याच्या खोलीत एकटीच राहते, शेवटच्या वर्षाला आहे, कुणाच्यात मिसळत नाही. मी उत्साहानं तिला भित्तिपत्रक दाखवलं. म्हटलं, "ताई, लायब्ररीत उशीर झाला तर आता काळजी नाही. दादाला फोन करायचा."

तिनं नंबर वाचला. "मी टॅक्सीनं जाते."

"अगं, पण हे फुकट आहे."

"मी टॅक्सीनं जाते," ती पुन्हा म्हणाली आणि वर निघून गेली.

काही माणसांना कुणी चांगलं केलेलंच सोसत नाही. टाचणीला सांगितलं तर ती म्हणाली, "तिची टॅक्सी, तिचा रस्ता. तुला काय दादाकडून कमिशन आहे?"

२२ फेब्रुवारी, दुपार

काल परीक्षा संपली आणि आमचा सगळा वर्ग गच्चीवरच्या त्या हॉटेलात गेला. टाचणीची तोंडी परीक्षा वाईट गेली होती. बाहेरून आलेले परीक्षक तिच्या उत्तरावर हसले म्हणे. ती दुपारपासून जेवली नव्हती. तशीच उपाशीपोटी प्यायली. आधी नाचली, मग टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि मग आमच्या वर्गात पहिली येते तिच्या नव्या बुटांवर ओकली. वेटर बादली घेऊन आला. सगळे माझ्याकडे बघून ओरडत होते, "मास्तरीण, तुझी रूममेट!" धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि नेमकं कालच त्या पहिल्या नंबरवालीनं मला तिच्या घरी बोलावलं होतं. तिचा सगळा कंपू पुढं तिकडे जाणार होता. दीड वर्ष मी त्यांच्या मागच्या बाकावर बसतेय, कालपर्यंत त्यांना माझं नाव धड माहीत नव्हतं. ते जिन्यात थांबले होते.

म्हणून दादाला फोन केला. तो लगेच आला. म्हणाला, "तू जा, मजा कर. हिची जबाबदारी आता माझी." टाचणीला गाडीत बसवलं आणि मी त्यांच्याबरोबर गेले. तिथं फारशी मजा आली नाही. सगळे आपापल्या फोनमध्ये होते.

पहाटे परत आले तर टाचणीचा पलंग रिकामा होता आणि बाथरूममध्ये शॉवर चालू होता. मी दारावर थाप मारून म्हटलं, "अगं, मजल्यावरचं सगळं पाणी संपवशील!" उत्तर आलं नाही. मी झोपले. उठले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, केस अजून ओलेच. "उतरली का?" मी विचारलं. ती हसली नाही. मी समितीच्या ग्रुपवर टाकलं, ‘आमच्या सगळ्या सुखरूप पोहोचल्या.’ सर्वांत आधी दादाचा अंगठा आला.

२५ फेब्रुवारी

टाचणी बोलत नाही. मेसमध्ये येत नाही. रात्री दाराला आतून खुर्ची लावते. कडी असताना खुर्ची कशाला, विचारलं, तर म्हणाली, "असू दे."

मला कळतंय हा राग कसला आहे. मी तिला सोडून त्यांच्याबरोबर गेले, ते लागलंय तिला. पण चूक कुणाची? आज माझाही तोल गेला. म्हटलं, "सगळ्या वर्गासमोर तमाशा केलास, वर मलाच फुरंगटून दाखवतेस? जरा तरी लाज वाटायला हवी."

"वाटते," ती म्हणाली.

एवढंच. मला वाटलं होतं एखादी टाचणी टोचेल, मग भांडू, मग हसू. पण ती नुसतं "वाटते" म्हणाली आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

२८ फेब्रुवारी

दादा किती मनाचा चांगला आहे. समितीच्या बैठकीत इतकी कामं होती, तरी मधेच त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी रूममेट काय म्हणते?" मी म्हटलं, काही नाही, गप्प असते. निघताना पुन्हा विचारलं, "त्या रात्रीचं काही बोलली का?" मी म्हटलं, "तिला काय आठवणार? तिला तर स्वतःचं नावही आठवत नसेल." तो हसला. म्हणाला, "होतं असं. तूही फार खोदून विचारू नकोस, ओशाळी होईल बिचारी."

म्हणून मी विचारत नाही.

६ मार्च

टाचणी न सांगता घरी गेली. आज तिच्या आईचा फोन आला. काकूंचा आवाज मी ओळखते, नेहमी आधी मलाच विचारतात, जेवलीस का. आज म्हणाल्या, "बाळा, तू तिच्या खोलीत राहतेस. खरं सांग, काय झालंय? पोरगी अन्नाला शिवत नाही. आंघोळीला गेली की तासभर बाहेर येत नाही. नापास झाली का?"

मी सांगितलं. म्हणजे, मला जे माहीत होतं ते सांगितलं. की ती पार्टीत खूप प्यायली, सगळ्यांसमोर ओकली, आणि आता तिला त्याची लाज वाटतेय. मागून काकांचा आवाज आला, "काय म्हणते ती? दारू?" आणि फोन बंद झाला.

घरी कळवणार नाही असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. दादानं पाळलं. मोडलं ते मी. काकूंना बरं वाटावं म्हणून सांगितलं, असं मी मघापासून स्वतःला समजावतेय. पण फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटलं होतं. म्हणजे बरं कुणाला वाटलं, हे उघडच आहे.

१५ मार्च

टाचणी परत आली. आज मेणाचे दात कोरायचं प्रात्यक्षिक होतं. आम्हा दंतवैद्यकाच्या मुलांना मेणाच्या वडीतून दाढ कोरून काढायची असते, हुबेहूब, मुळांसकट. वर्गात टाचणीसारखा हात कुणाचा नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं, चला, मिटलं. दोघी कोरत होतो. बाकीचे चहाला गेले. मान वर न करता ती म्हणाली,

"त्या रात्री गाडी सरळ हॉस्टेलला आली नव्हती."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"स्टेडियमच्या मागं नेली त्यानं. मला हात उचलता येत नव्हते. मी नको म्हणत होते. तोंडातून आवाज निघत होता की नाही, माहीत नाही." मेणाची एक पातळ चकती तिनं पात्यावरून बोटानं काढून टाकली. "गाडीत कशी बसले तेही आठवत नाही. जिना आठवतो, मग एकदम स्टेडियमची भिंत."

आता मी काय म्हणाले ते लिहिते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नाही. मी म्हणाले, "नक्की? म्हणजे, तू शुद्धीत होतीस का?"

तिनं पातं खाली ठेवलं. दाढ अर्धी झाली होती. तशीच टाकून ती निघून गेली.

खुर्ची, शॉवर, दादाचं ते दोनदा विचारणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. आंधळं म्हणावं तर मी आंधळीही नव्हते. मला फक्त वरून छान दिसत होतं.

१६ मार्च

झोप लागली नाही. सकाळी कोपऱ्यातल्या ताईच्या दारावर टकटक केली. तिनं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "कोण?"

"माझी रूममेट."

तिनं मला आत घेतलं. दोन वर्षांपूर्वी तिच्याबरोबर तेच झालं होतं. तेव्हा समितीही नव्हती, नुसता दादा होता आणि त्याची गाडी. ती रेक्टरबाईंकडे गेली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तू किती प्यायली होतीस?" दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

मला रडू आलं आणि रागही आला. म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंस? मी भित्तिपत्रक घेऊन तुझ्यासमोर उभी होते!"

"टॅक्सीनं जाते म्हणून सांगितलं की. दोनदा."

"हे काय सांगणं झालं?"

"नाही झालं," ती म्हणाली. "मलाही ठाऊक आहे नाही झालं. तू त्याचा नंबर एवढा मोठा करून आणला होतास. मला वाटलं, हीसुद्धा विचारेल, किती प्यायली होतीस."

मी खाली बघितलं. कालच तर मी तसंच विचारलं होतं.

१९ मार्च

भित्तिपत्रकं काढून टाकली, चारही मजल्यांवरची. ग्रुपवर लिहिलं की हा नंबर कुणीही वापरू नये. टाचणीचं नाव, कारण, काही लिहिलं नाही. टाचणीला मात्र आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "कर. आणि समितीकडे तक्रार देणार आहे मी. तुमच्या त्या समितीकडे नाही, कॉलेजच्या मोठ्या चौकशी समितीकडे. ताई पण येतेय." मी म्हटलं, "मला माफ कर." ती म्हणाली, "तुझं मधे आणू नकोस आत्ता."

संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

"काय गं मास्तरीण, माझा नंबर खोडलास?"

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"तू हुशार मुलगी आहेस, म्हणून सांगतो. तिला गाडीत कुणी बसवलं, असं विचारतील. ती आपल्या पायांनी येऊन बसली, मी तर हेच सांगणार. तूही हेच सांग. तुझ्या भल्याचं आहे. ती कशी बसली हे आपल्या दोघांनाच माहीत आहे, हो की नाही?"

मी फोन बंद केला. तो काय म्हणत होता ते मला कळलं. इथं लिहिणार नाही.

२३ मार्च

आईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल लष्कराच्या भाकऱ्या. पण ती म्हणाली, "त्या पोरीच्या आईशी कोण बोललं?" मी म्हटलं, मीच बोलले होते, आणि काय बोलले तेही सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तूच पुन्हा बोल. फोनवर नाही. जा."

गेले. बसनं. काकूंनी दार उघडलं आणि या वेळी जेवलीस का विचारलं नाही. त्यांना टाचणीनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी चपला काढेपर्यंत काका आतल्या खोलीत निघून गेले. मी उभ्यानंच म्हणाले, "काकू, मी तुम्हाला फोनवर जे सांगितलं, ते तिच्यावर ढकलून सांगितलं." काकू म्हणाल्या, "तुझ्या फोननंतर तिचे बाबा तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. आणि ती त्यांच्या पाया पडून माफी मागत होती. कशाची माफी मागत होती गं ती?"

पाणीही न पिता परत आले. त्यांनी दिलं नाही असं नाही. समोर ठेवलं होतं. माझ्याच्यानं हात पुढं झाला नाही.

२ एप्रिल

आज मोठ्या समितीपुढं माझी साक्ष झाली. लांबट खोली, मधे टेबल, पलीकडे तिघं. अध्यक्षबाई, एक वकीलबाई आणि एक वयस्कर प्राध्यापक. टाचणी माझ्या उजव्या हाताला बसली होती. दादा आधी येऊन सांगून गेला होता, आपल्या पायांनी बसली म्हणून.

वकीलबाईंनी विचारलं, "ती गाडीत बसली तेव्हा तुम्ही तिथं होतात?"

"हो."

"ती स्वतःहून बसली?"

टाचणीला आठवत नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर ते तसंच राहिलं असतं, माझं नाव स्वच्छ राहिलं असतं. मी या वहीतसुद्धा त्या रात्रीचं एकच वाक्य लिहून मोकळी झाले होते.

मी सांगितलं. "नाही. ती म्हणत होती, मला याच्याबरोबर जायचं नाही, तू चल. तिनं दोन्ही हातांनी माझ्या जाकिटाची बाही धरली होती. तो बाजूला उभा राहून हसत होता. जिन्यात माझ्या वर्गातले लोक थांबले होते, ते बघत होते. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. म्हटलं, नाटकं बंद कर. मग तिला आत ढकललं आणि सीटचा पट्टा मी लावला."

प्राध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वकीलबाईंनी विचारलं, "नको असं ती स्पष्ट म्हणाली? त्याला ऐकू जाईल असं?"

"हो. तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तो म्हणाला, सकाळी ठीक होईल."

टाचणीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मी उभी होते. ती किती तरी वेळ रडत होती. रडण्याचा आवाज नव्हता, नुसते खांदे. मग म्हणाली, "इतके दिवस मला वाटत होतं, मीच गेले. हसत हसत गेले असेन. रोज स्वतःला तेच म्हणत होते, तूच बसलीस ना गाडीत."

मी म्हटलं, "नाही. तू नव्हतीस जात."

"हो. ऐकलं मी." तिनं बाहीनं नाक पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "बरं झालं सांगितलंस. आता मला तुझा राग धरता येईल."

मी मान हलवली. मला वाटलं होतं सांगितल्यावर लाज कमी होईल. झाली नाही. पण ती लाज आता टाचणीकडून माझ्याकडे आली, आणि ती माझीच होती.

११ एप्रिल

चौकशी संपेपर्यंत दादाला आवारात यायला बंदी केलीय. आणखी दोघी पुढं आल्या, एक तर पहिल्या वर्षाची. प्रतिनिधीपद मी सोडलं. रेक्टरबाई म्हणाल्या, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी त्यांना विचारलं, कोपऱ्यातल्या ताईला तुम्ही काय विचारलं होतं ते आठवतं का. त्या किल्ल्यांचा जुडगा शोधू लागल्या.

आज टाचणी खोली सोडून गेली. ताईनं तिला आपल्या खोलीत बोलावलं. कपडे, पुस्तकं तिनं एकटीनं नेली. गादी मात्र एकटीला उचलत नव्हती. मी विचारलं नाही, दुसरं टोक धरलं. तिनं सोड म्हटलं नाही. गादी मधे झोळीसारखी लोंबत होती, जिन्यात वळणावर अडकली, आम्ही दोघी दोन टोकांना, मधे ती गादी, एकमेकींचं तोंडही दिसत नव्हतं.

पलीकडून तिचा आवाज आला. "डावीकडे घे."

मी डावीकडे घेतली.